पिवळ्या ट्रॅक्टरची रुसलेली ठिणगी

डिसेंबरातली सकाळ. बाहेर उणे १२. ड्राइव्हवेवर पोटरीपर्यंत बर्फ, त्यातला निम्मा साफ केलेला, आणि बरोबर मध्यावर पिवळा ट्रॅक्टर गप्प उभा. चांगलं फटफटत असलेलं इंजिन दोन-तीनदा अडखळलं, सायलेन्सरमधून एक बार काढला आणि थांबलं. किल्ली फिरवली की स्टार्टर घुमत होता, पण इंजिन काही धरत नव्हतं. बायको खिडकीतून बघत होती. तिला ऑफिसला निघायचं होतं आणि तिची गाडी ट्रॅक्टरच्या मागे अडकलेली.

मी म्हटलं, पेट्रोलमध्ये पाणी झालं असणार. ही पहिली चूक. पुढे तीन महिने मी एकेक चूक अगदी क्रमाने करत गेलो. त्यातली एकही लपवत नाही, कारण जुन्या छोट्या इंजिनावर कोणी नंतर इलेक्ट्रॉनिक इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडायची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था, बसवलेलं असेल तर ह्याच चुका तुमच्याही हातून होण्याची दाट शक्यता आहे.

ट्रॅक्टर आमच्या शेजारच्या आजोबांचा. ते गेल्यावर आजींनी मला बोलावून किल्ली हातात दिली, आणि किल्लीबरोबर कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा. डब्यात नटबोल्ट, फट मोजायचं फिलर गेज, दोन जुने प्लग आणि जाड कार्डाच्या कापलेल्या पट्ट्यांचा रबरबँड लावलेला गठ्ठा. कुठल्याशा बोलिंग क्लबची कार्डं होती ती, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापलेल्या, काहींच्या टोकाला काळपट डाग. कचरा म्हणून टाकणार होतो, पण डबा तसाच फळीवर राहिला.

कब कॅडेट १२८ हे त्या ट्रॅक्टरचं नाव. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचा. हे नाव आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. १९६३ साली महिंद्राने याच कंपनीला आणि व्होल्टासला बरोबर घेऊन ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, आणि कराडजवळच्या माझ्या आजोळी जो बी-२७५ होता तो त्याच घराण्यातला. हा मात्र घराण्यातलं शेंडेफळ. इकडे अमेरिकेत याला बागेचा ट्रॅक्टर म्हणतात: उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात पुढे बर्फ उडवायचं यंत्र लावायचं. डिझेल नाही, पेट्रोल. इंजिन कोहलरचं के-३०१. कोहलर म्हटलं की आपल्या लोकांना नळ आणि बेसिन आठवतं, पण ही मंडळी १९२० पासून इंजिनंही बनवत आली. कंपनीच्याच नावाचं गाव इथे विस्कॉन्सिनमध्ये माझ्या घरापासून तासाभरावर आहे. एकच सिलिंडर, ४७६ सीसी, १२ हॉर्सपॉवर, ब्लॉक ओतीव लोखंडाचा. असल्या इंजिनाला मरण नसतं, आजारपणं तेवढी असतात.

त्याची मूळ ठिणगीची व्यवस्था लूना किंवा राजदूत ज्याने उघडून पाहिली आहे त्याला लगेच कळेल. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलच्या एका टोकाला. दुसरं टोक सीबी पॉइंटमधून, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक ठिणगीला उघडमीट करणाऱ्या छोट्या स्विचमधून, इंजिनच्या अंगाला, म्हणजे अर्थला. पॉइंट मिटलेला असताना कॉइलमधून साधारण ३ अँपिअर वाहतात. पॉइंट उघडला की प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उठून प्लगला ठिणगी पडते. पॉइंटला आडवा एक कंडेन्सर. या इंजिनात पॉइंट फ्लायव्हीलखाली दडवलेला नाही. ब्लॉकच्या बाजूला छोट्या झाकणाखाली बसतो आणि आतल्या कॅमवरून येणारी एक बारीक पुशरॉड त्याला ढकलते. झाकण काढलं की पॉइंट समोर. मेकॅनिकची एवढी सोय पाहिलेलं इंजिन मला दुसरं माहीत नाही.

आजोबांनी त्यात सुधारणा करून ठेवली होती. कॉइल आणि पॉइंटच्या मध्ये काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी अॅल्युमिनिअमची डबी, आत ट्रान्झिस्टर. कॉइलचे ३ अँपिअर आता ट्रान्झिस्टर तोडतो. पॉइंटने फक्त त्याला ‘आता’ एवढं सांगायचं. पॉइंट जळत नाही, गॅप बिघडत नाही, ठिणगी कायम सारखी. ऐकायला एकदम झकास.

तर पेट्रोल. टाकी उपसली, गाळणी बदलली, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तारेने मोकळं केलं. इंजिन चालू झालं, २५ मिनिटं चाललं, बंद. प्लग बदलला. या वेळी १० मिनिटं. थांबायची वेळ ठरलेली नाही, परत कधी चालू होईल तेही नाही. कधी लगेच, कधी तासाने. या बेभरवशीपणाने मला जितकं फसवलं तितकं दुसऱ्या कशानेही नाही. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू म्हणजे कॉइल, असं सगळीकडे वाचलेलं होतं. चार वेळा माझा आजार त्या वर्णनात बसला, दोन वेळा बसला नाही. ते दोन मी सोयीस्करपणे विसरलो.

आणि कॉइल आणली. १२ व्होल्टची, मोटारीची, दिसायला डिट्टो तशीच. घाईत मोजली नाही. या इंजिनाला प्रायमरीचा, म्हणजे पहिल्या वेटोळ्याचा, रोध ३ ते ४ ओहम असलेली कॉइल लागते. माझी निघाली दीड ओहमची, म्हणजे बाहेर वेगळा रेझिस्टर लावून वापरायची. १२ भागिले दीड, ८ अँपिअर. डबीचा ट्रान्झिस्टर ३ अँपिअरच्या हिशेबाने बसवलेला. पाच मिनिटांत डबीला हात लावेना. आता मूळ आजार तसाच, आणि वर मी स्वतः घातलेला नवा ताप. ‘गरम झालं की बंद’ हे निदान आता खरोखरच खरं ठरायला लागलं! जुनी कॉइल परत लावली. तिचे आकडे नंतर मोजले तर ठणठणीत होते.

इथवर आल्यावर मल्टिमीटर काढला. तो पहिल्या दिवसापासून गराजमध्येच होता, हे सांगायला लाज वाटते.

पुढचा भाग जरा तपशिलात सांगतो. पहिलं पाहिलं ते ठिणगी आहे की नाही. प्लग काढून इंजिनला टेकवून ठिणगी बघायची आपली जुनी सवय दोन कारणांनी वाईट. एक, उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते आणि शेजारी ठिणगी. दोन, वायर नीट टेकली नाही तर कॉइलच्या विजेला वाट मिळत नाही आणि ती डबीतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा घास घेते. पाच-सहा डॉलरला स्पार्क टेस्टर मिळतो, चिमट्याने इंजिनला पकडायचा. तो लावला. इंजिन बंद पडलं की ठिणगी शून्य. पेट्रोलचा संशय तिथेच संपला.

मग टेस्ट लॅम्प. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कॉइलच्या मायनस टोकाला, आणि स्टार्टर मारायचा. डबी कॉइलला जोडतोड करत असेल तर दिवा लुकलुकतो. लुकलुकला तर दोष पुढे, म्हणजे कॉइल, वायर किंवा प्लग. नाही लुकलुकला तर दोष मागे, डबीत किंवा पॉइंटमध्ये. माझा दिवा विझलेलाच. कॉइल सुटली. ८ अँपिअरचं प्रकरण करायच्या आधी ही दोन मिनिटांची तपासणी केली असती तर, असो.

नंतर अर्थिंग. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं डबीच्या अंगाला, आणि स्टार्टर मारायचा. ०.९ व्होल्ट. ०.२ च्या वर काही दिसलं की समजायचं वाट अडलेली आहे. डबी ज्या पट्टीवर बसली होती ती पट्टी आजोबांनी हौसेने पिवळी रंगवली होती, बोल्टखालीसुद्धा. रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, बॅटरीची मायनस वायर जिथे फ्रेमला येते तिथला गंज पॉलिश पेपरने काढला. ०.१ झाले. इंजिन दोन दिवस सुरळीत चाललं. मी घरात जाहीर केलं की अर्थिंग होतं, झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ड्राइव्हवेच्या मध्यावर.

आता मी मला फार हुशार वाटलेली गोष्ट केली. डबीच काढून टाकली. कॉइलची वायर कारखान्यातून यायची तशी सरळ पॉइंटला, कंडेन्सर परत जागेवर. इंजिन सलग दोन तास चाललं. पुढल्या रविवारी परत दोन तास. यापेक्षा स्पष्ट पुरावा काय असणार? डबी गेली. नवी मागवली, दुसऱ्या बनावटीची. बसवली, आठवडाभर छान, आणि मग तेच: अडखळणं, बार, शांतता.

दोन वेगवेगळ्या डब्या, आजार तोच. डबी काढली की आजार गायब. रात्री जेवताना हे कोडं मामांना फोनवर सांगितलं. मामा साताऱ्यात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. जुन्या एक्स्चेंजमध्ये हजारो रिले त्यांच्या हाताखालून गेलेले. मोटारीतलं त्यांना काही कळत नाही असं ते स्वतःच सांगतात.

सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. “डबी असताना तुझ्या त्या पॉइंटातून करंट किती जातो?”

“मोजला नाही.”

“मग मोज आधी. आणि तिथं तेलबिल येतं का, ते बघ. अरे, आमच्याकडं बोलण्याच्या लाइनीत कॉन्टॅक्ट असला की त्याच्यातून मुद्दाम थोडा डीसी सोडायचे. नुसत्या आवाजाच्या करंटवर कॉन्टॅक्ट सुकाच राहतो, त्याच्यावर पापुद्रा धरतो. त्याला ‘वेटिंग करंट’ म्हणायचो आम्ही. ओला करायचा कॉन्टॅक्ट.”

फोन ठेवला आणि तसाच गराजमध्ये गेलो. पॉइंटची वायर सोडवली, मीटर मिलिअँपिअरवर, एक टोक डबीकडून येणाऱ्या वायरला आणि दुसरं इंजिनला. ११ मिलिअँपिअर. सरळ जोडणीत ३ अँपिअर जायचे, त्याच्या पावणेतीनशेपट कमी!

पॉइंट बनवलेला आहे ३ अँपिअर तोडायला. दर उघडमिटीला त्याच्यावर बारीकशी ठिणगी पडते, तीच धातू झिजवते आणि तीच वर बसलेला तेलकट थर जाळून टाकते. आपण ज्याला पॉइंट जळणं म्हणतो त्यातच त्याची रोजची आंघोळ उरकते. डबी लावून जळणं थांबवलं, आंघोळही थांबली. ११ मिलिअँपिअरला तेलाच्या पापुद्र्यातून वाट काढायची ताकद नाही. पॉइंट मिटतो, पण डबीला तो मिटलेला दिसतच नाही.

तर्क झाला, डोळ्यांनी दिसायला हवा होता. या वेळी इंजिन बंद पडलं तेव्हा मी पॉइंटच्या झाकणाला हात लावला नाही. कारण तोवर लक्षात आलं होतं की मागे प्रत्येक वेळी मी झाकण उघडून, गॅप बघायला म्हणून डब्यातली एक कार्डाची पट्टी पॉइंटमध्ये सरकवत होतो. पट्टी थर पुसून टाकायची, इंजिन चालू व्हायचं, आणि मी म्हणायचो, बघा, तेवढ्या वेळात गार झालं. तपासणीच पुरावा पुसत होती. झाकणाला हात लावला नाही त्या वेळी ते ‘लगेच’ चालू झालं नव्हतं, आणि ‘तासाने’ झालं तेही बहुधा शेवटी कंटाळून झाकण उघडल्यावरच.

तर झाकण बंद ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवून पॉइंट मिटेल अशा जागी आणलं. मीटर पॉइंटच्या वायरवर, बाहेरूनच. मिटलेल्या पॉइंटला जवळजवळ शून्य हवं, ०.१ पर्यंत चालेल. दिसले ६.८ व्होल्ट. फ्लायव्हील किंचित हलवलं, ४. परत हलवलं, ७ च्या पुढे. मग झाकण काढलं, पट्टी एकदा ओढली. ०.०४. पट्टीच्या टोकावर काळपट डाग.

मीटर ओहमवर ठेवून हेच मोजलं असतं तर नुसते नाचणारे आकडे दिसले असते. त्या मापाला मीटर इतका क्षीण प्रवाह सोडतो की तो पापुद्र्याला हलवतही नाही. पॉइंटची तपासणी चालू व्होल्टवरच करायची, हे आता मी कधी विसरणार नाही.

उरला प्रश्न तेल कुठून येतं याचा. पॉइंटला ढकलणारी पुशरॉड ब्लॉकमधल्या भोकातून बाहेर येते आणि पन्नास वर्षांत ते भोक थोडं सैल होणारच. पण तेवढ्याने तेल बाहेर येत नाही. निरोगी इंजिनात क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या तेलाच्या पोकळीच्या, आत बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब असतो, म्हणजे फटीतून हवा आत जायला बघते, तेल बाहेर नाही. हा कमी दाब राखण्याचं काम ब्रीदरमधली, म्हणजे क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या भागातली, एक पातळ पोलादी पट्टी करते, एकाच दिशेला उघडणारी. तेल घालायच्या नळीला बूच लावून त्यातून पारदर्शक नळी काढली, पाण्याच्या बाटलीत बुडवली आणि इंजिन चालवलं. पाणी वर चढायला हवं होतं. चढलं नाही, उलट बुडबुडे आले.

ब्रीदरचं झाकण काढलं. आतली पट्टी डिंकासारख्या काळ्या थराने उघड्या अवस्थेत चिकटलेली. रॉकेलमध्ये बुडवून धुतली, गॅस्केट नवं घातलं, भाग कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो आधी काढून ठेवला होता म्हणून परत बसले. पुन्हा नळीची परीक्षा घेतली, या वेळी पाणी वीतभर वर चढलं. पुशरॉडचं सैल भोक तसंच आहे. त्यासाठी इंजिन उतरवावं लागेल, बघू.

विजेच्या बाजूला मामांचा सल्ला. १२ व्होल्टपासून पॉइंटच्या वायरला एक बाहेरचा रेझिस्टर, ४७ ओहम, १० वॉटचा, चिनी मातीचा पांढरा. आता मिटलेल्या पॉइंटमधून पाव अँपिअरच्या वर जातो. पण कुणी आंधळेपणाने हे करू नका. आधी पॉइंट उघडा असताना वायरवर किती व्होल्ट आहेत ते बघा. माझ्याकडे बॅटरीइतके, पूर्ण १२.६ होते, म्हणजे डबीच्या आत ट्रान्झिस्टरच्या अलीकडे आणखी एक रोध आहे. तिथे ०.७ च्या आसपास दिसले असते तर वायर थेट ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या नाजूक टोकाला, गेलेली असती, आणि माझा ४७ ओहमचा उपचार म्हणजे पेशंटचा खूनच. रेझिस्टर तापतो, चार वॉटच्या आसपास. त्याला प्लॅस्टिकच्या वायरीपासून दूर, पंख्याच्या वाऱ्यात पत्र्यावर बसवला. किल्लीच्या पुढून जोडला, नाहीतर रात्रभर बॅटरी पिऊन टाकेल.

शेवटी टायमिंग. या इंजिनात पॉइंटचा गॅप हेच टायमिंग. पुस्तकी गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, पण तो सुरुवातीपुरता. फ्लायव्हीलवर ‘एस’ची खूण आहे, पिस्टन वर यायच्या २० अंश आधीची. ती खूण खिडकीत आली की पॉइंट त्या क्षणी सुटायला हवा. मीटर वायरवर ठेवून फ्लायव्हील मिलिमीटर मिलिमीटर सरकवत शून्यावरून १२ ची उडी पकडली. गॅप ०.०१८ वर स्थिरावला.

फेब्रुवारीच्या शेवटी मोठं वादळ झालं. माझा ड्राइव्हवे, आजींचा आणि कोपऱ्यावरच्या घराचा मिळून पावणेतीन तास इंजिन चाललं. आजींच्या दारात थांबलो तेव्हा त्या कॉफी घेऊन बाहेर आल्या. मी उत्साहाने कार्डाच्या पट्टीपासून सगळी कथा त्यांना सांगितली. पापुद्रा, डाग, सगळं.

त्या म्हणाल्या, “अरे, त्या पट्ट्या ना? हिवाळाभर माझ्या वॉशिंग मशीनमध्ये निघायच्या. बाहेर पडताना दोन तरी कोटाच्या खिशात टाकून जायचे ते.”